अवतरणिकेचा लेखक : वासुदेवशास्त्री खरे आणि गावच्या शिक्षकाचा इतिहासव्यवहार

१. एका नावाच्या दोन नोंदी

मराठी वाङ्मयेतिहासात वासुदेव वामन खरे (१८५८–१९२४) यांचे नाव दोन ठिकाणी येते आणि ही दोन ठिकाणे सहसा एकमेकांची दखल घेत नाहीत. ‘यशवंतराव’ हे महाकाव्य (१८८८) लिहिणारे कवी आणि ‘गुणोत्कर्ष’, ‘शिवसंभव’, ‘उग्रमंगल’ या नाटकांचे कर्ते म्हणून त्यांची नोंद काव्य-नाटकांच्या प्रकरणांत होते. ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे संपादक म्हणून ते इतिहाससंशोधनाच्या प्रकरणात भेटतात. तिसरी एक गोष्ट दोन्हीकडे एका वाक्यात उरकली जाते : ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक होते. जन्म गुहागरचा, आयुष्य मिरजेचे, व्यवसाय अध्यापनाचा. चरित्रकोशाच्या दृष्टीने ही माहिती पुरेशी आहे. समीक्षेचा प्रश्न मात्र नेमका येथून सुरू होतो.

लहान गावात शिक्षकी करीत करीत त्या परिसराच्या इतिहासाची साधने जतन करणाऱ्या माणसाचे चरित्र आपल्याकडे एका ठरावीक साच्यात लिहिले जाते. तुटपुंजा पगार, रात्रीच्या दिव्याखाली केलेले वाचन, पदरमोड करून छापलेले खंड, समाजाची उदासीनता आणि अखेरीस उशिरा मिळालेली दाद, असे या साच्याचे टप्पे असतात. ही वर्णने खोटी असतात असे नाही. परंतु त्यांत त्याग हाच आशय होऊन बसतो आणि ज्यासाठी त्याग केला त्या कामाचे स्वरूप अंधारात राहते. मास्तरांनी किती सोसले हे आपल्याला कळते. मास्तरांनी काय आणि कसे वाचले, काय निवडले, काय वगळले, हे कळत नाही. गौरवाचा हा प्रकार एका अर्थाने उपेक्षेचाच प्रकार आहे, कारण तो ज्ञानव्यवहाराला सद्गुणाच्या खात्यात टाकून मोकळा होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, खरे यांचे शिक्षकपण हे केवळ त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते. त्यांच्या इतिहासलेखनाचा रूपबंध त्यातून सिद्ध झाला. संस्कृतच्या वर्गात श्लोक लावून दाखवण्याची जी रीत होती तीच त्यांनी मोडी पत्रांना लावली, आणि त्यातून मराठीत एक लेखनप्रकार स्थिर झाला. या लेखनप्रकाराकडे साहित्य म्हणून पाहिले तर ‘स्थानिक इतिहास’ या संकल्पनेविषयीही काही वेगळे हाती लागते. भारतीय भाषांतील आणखी दोन शिक्षक-संग्राहकांशी, तमिळमधील उ. वे. स्वामिनाथ अय्यर आणि बंगालीतील मुन्शी अब्दुल करीम यांच्याशी, तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल.

२. मिरजच का?

खरे यांच्या आधी मराठी इतिहाससाधनांच्या प्रकाशनाची परंपरा सुरू झालेली होती. ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ मध्ये निघाला. त्याच्या संपादकांपैकी काशिनाथ नारायण साने हेही शिक्षणक्षेत्रातलेच होते. खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यानंतरच्या वर्षी, १८९८ मध्ये आला, आणि भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० मधली. म्हणजे एखाद्या संस्थेचे छत्र, ग्रंथालय किंवा संशोधकांचा समुदाय उपलब्ध होण्यापूर्वी मिरजेतला हा शिक्षक कामाला लागलेला होता.

या घटनेचा अर्थ लावताना एक बाब विसरता येत नाही. मराठी राज्याच्या मध्यवर्ती कारभाराचे कागद, म्हणजे पुण्याचे पेशवे दफ्तर, इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना ते सहजासहजी खुले नव्हते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते १९३० ते १९३४ या काळात. तोवर खरे यांना जाऊन सहा वर्षे लोटली होती. मध्यवर्ती दप्तर बंद असल्यामुळे इतिहासाची वाट सरदारांच्या वाड्यांतून जात होती. पटवर्धन घराण्याच्या मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाड अशा शाखा याच टापूत संस्थानिक म्हणून टिकून होत्या आणि त्यांच्याकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पत्रव्यवहाराची बाडे होती. तेव्हा खरे यांचे ‘स्थानिक’ असणे हे केवळ गावच्या अभिमानातून आलेले नाही. वसाहतकालीन सत्तेने केंद्राचे कागद कुलपात ठेवल्यामुळे परिघावरचे कागद हेच इतिहासाचे मुख्य साधन झाले, आणि परिघावर राहणारा शिक्षक त्याचा पहिला वाचक झाला.

येथे खरे यांच्या ग्रंथांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ‘नाना फडनवीस यांचे चरित्र’ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखसंग्रह त्यानंतर पाच वर्षांनी सुरू झाला. ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ १९१३ मधला. पुण्याच्या सूत्रधाराचे चरित्र, मग त्या सूत्रधाराकडे पत्रे पाठवणाऱ्या आणि त्याच्याकडून हुकूम घेणाऱ्या सरदारांचे कागद, मग त्या सरदारांचा ज्या घराण्याशी आश्रयाचा संबंध होता त्या इचलकरंजीकर घोरपड्यांचा वृत्तांत, असा हा प्रवास आहे. पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट हे इचलकरंजीकरांचे उपाध्याय होते, हे ध्यानात घेतले की तिसऱ्या ग्रंथाची जागा कळते. चरित्रात नाना हा कथेचा नायक असतो; पत्रांत तो दूर पुण्याला असलेला, कधी पैसा न पाठवणारा, कधी तातडीने निघण्यास सांगणारा एक आवाज असतो. एकाच कालखंडाचे वाचन पुण्याकडून मिरजेकडे आणि मिरजेकडून आणखी मागे, अशा दिशेने सरकत गेले आहे. नायकापासून कागदाकडे झालेला हा प्रवास खरे यांच्या वैचारिक चरित्रातील सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागेल.

३. पदच्छेद, अन्वय, अवतरणिका

मोडी पत्र वाचणे म्हणजे काय, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी क्वचितच केला आहे. मोडी ओळीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, विरामचिन्हे नसतात. वाचकाला आधी अक्षरे लावावी लागतात, मग शब्द तोडावे लागतात, मग वाक्य कोठे संपते ते ठरवावे लागते. बाळबोधीत उतरवलेले प्रत्येक ऐतिहासिक पत्र हा त्यामुळे एक अर्थनिर्णय असतो. संस्कृतच्या शिक्षकाला ही क्रिया नवी नाही. संधी सोडवून पदे वेगळी करणे आणि विखुरलेल्या पदांचा अन्वय लावणे, हा त्याच्या रोजच्या तासाचा भाग असतो.

पत्र वाचून झाले तरी ते कोणत्या वर्षाचे, हा प्रश्न उरतो. अठराव्या शतकातील खाजगी आणि लष्करी पत्रांत बहुधा ‘छ’ या खुणेपुढे चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना दिलेला असतो. वर्ष पुष्कळदा नसतेच. असलेच तर ते शुहूर सनाचे असते. त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. वर्ष नसलेल्या पत्रात एखाद्या नदीचा उतार, एखाद्या सरदाराचे आजारपण, छावणीचा मुक्काम, असा दुवा शोधून ते दुसऱ्या पत्राशेजारी बसवावे लागते. अशी शेकडो पत्रे कालक्रमाने मांडणे म्हणजे पाने विस्कटलेल्या ग्रंथाची संहिता पुन्हा जुळवण्यासारखेच आहे.

खरे यांचे वैशिष्ट्य याच्याही पुढे आहे. त्यांनी पत्रे कालानुक्रमाने लावली आणि पत्रांच्या गटापूर्वी त्या घटनांचा संबंध सांगणारे निवेदन लिहिले. राजवाडे यांच्या खंडांशी तुलना केल्यास फरक उठून दिसतो. राजवाडे यांची प्रस्तावना हा स्वतंत्र आणि बहुधा वादप्रवण निबंध असतो. तीत सिद्धान्त असतात, पूर्वसूरींवर प्रहार असतात, इतिहास कसा लिहावा याची मीमांसा असते. कागद त्या प्रस्तावनेच्या मागे येतात आणि अनेकदा तिच्यापासून सुटे राहतात. खरे यांचे निवेदन कागदांच्या मधून चालते. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आहे. कोण कोठे होता, कोणाचे कोणाशी बिनसले होते, हे पत्र कोणत्या प्रसंगी लिहिले गेले, एवढे सांगून ते थांबते आणि पत्राला बोलू देते.

संस्कृत टीकापरंपरेत या रचनेला नाव आहे. श्लोकाच्या आरंभी टीकाकार जी अवतरणिका देतो तिचे काम नेमके हेच असते : हा श्लोक कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी म्हणतो, ते सांगून वाचकाला श्लोकाच्या दारापर्यंत आणून सोडणे. अवतरणिका श्लोकाची जागा घेत नाही. श्लोकावाचून तिला अर्थही नाही. खरे यांनी इतिहासाच्या कागदांना अवतरणिका जोडली, असे म्हणणे मला यथार्थ वाटते. बखरीत कथन असते, कागद नसतो. साधनसंग्रहात कागद असतो, कथन नसते. चरित्रात कागद कथनात विरघळून जातो. अवतरणिकायुक्त लेखसंग्रह हा या तिन्हींहून निराळा प्रकार आहे; त्यात कथन आणि कागद शेजारी शेजारी राहतात आणि वाचकाला एकाच्या आधारे दुसरे तपासता येते. वर्गात शिक्षकाने अर्थ सांगितला तरी विद्यार्थ्यासमोर मूळ श्लोक उघडा असतो, तशी ही व्यवस्था आहे.

क्रमशः प्रकाशनाचाही येथे संबंध आहे. ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ अंकांच्या रूपाने वाचकांपुढे येत राहिला आणि संपादकाच्या मृत्यूनंतरही त्याचे पुढील भाग निघाले. अंकाच्या मर्यादेत तेवढाच भाग घेणे, मागचा धागा आठवण करून देणे, पुढच्याची उत्सुकता ठेवणे, ही रीत वेळापत्रकानुसार शिकवणाऱ्याची आहे. महाकाव्याचा आणि नाटकांचा कर्ता कथनाच्या ओढीपासून अलिप्त राहणे कठीण होते. परंतु ती ओढ त्याने अंकाअंकांत वाटून दिली. त्यामुळेच खरे यांच्यातील साहित्यिक आणि संशोधक यांची वाङ्मयेतिहासाने केलेली विभागणी टिकत नाही. त्यांचे कथनकौशल्य नाटकांइतकेच, कदाचित अधिक संयमाने, या निवेदनांत वावरते.

४. कुंभकोणम् आणि चितगाव

हा केवळ मराठी अपवाद आहे काय, हे पाहण्यासाठी खरे यांच्या दोन समकालीनांकडे वळू. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) हे १८८० मध्ये कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक झाले आणि १९०३ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जाईपर्यंत तेथेच होते. मठाच्या परंपरेत मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकलेल्या या तरुण अध्यापकाला त्याच वर्षी सेलम रामस्वामी मुदलियार या न्यायाधिकाऱ्याने ‘जीवकचिंतामणी’ वाचले आहे काय, असे विचारले. त्या प्रश्नाने अय्यर यांच्या आयुष्याची दिशा बदलली. ‘जीवकचिंतामणी’ १८८७ मध्ये, ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९ मध्ये, ‘सिलप्पदिकारम्’ १८९२ मध्ये, ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये त्यांनी ताडपत्रांवरून छापून आणले. ताडपत्रावरही शब्द सुटे नसतात, व्यंजनावरचा बिंदू नसतो, ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’–‘ओ’ यांचा भेद दिसत नाही. मोडी वाचकाची आणि ताडपत्र वाचकाची अडचण जवळजवळ एकच आहे, आणि दोघांचे उत्तरही पदच्छेदाचेच आहे.

फरक पुढे आहे. ‘जीवकचिंतामणी’ हे जैन काव्य. त्यातील संकल्पना शैव परंपरेत वाढलेल्या अध्यापकाला परक्या होत्या. त्यांच्या उलगड्यासाठी अय्यर कुंभकोणम्‌मधील जैन गृहस्थांकडे गेले. गावात शिक्षक म्हणून मान असलेला माणूस गावातल्याच दुसऱ्या समाजाच्या घरी विद्यार्थी होऊन बसला. अय्यर यांच्या संपादनांतील टिपा, सूची आणि शब्दार्थ यांमागे ही उलट्या दिशेची शाळा आहे. पुढे त्यांनी ‘एन् चरित्तिरम्’ हे आत्मचरित्र ‘आनंद विकटन’ साप्ताहिकातून क्रमशः लिहिले. १९४२ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे ते अपुरे राहिले. आत्मचरित्रामुळे त्यांचे ग्रंथशोधन तमिळ वाचकाच्या स्मरणात कथा म्हणून रुजले. खरे यांची कीर्ती अशा आत्मकथनावर उभी नाही, आणि त्यांचे जीवन वाचायचे तर ते संपादनाच्या रूपातूनच वाचावे लागते.

मुन्शी अब्दुल करीम (१८७१–१९५३), ज्यांना बंगालीत ‘साहित्यविशारद’ म्हणून ओळखतात, चितगाव जिल्ह्यातले. आनवारा येथील शाळेचे मुख्याध्यापक आणि नंतर शाळा-निरीक्षकांच्या कचेरीतील कारकून, असे त्यांचे व्यावसायिक आयुष्य. जिल्ह्यातील घरोघरी पडलेल्या हस्तलिखित पोथ्या गोळा करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या शोधामुळे मध्ययुगीन बंगाली काव्यात मुसलमान कवींची दीर्घ परंपरा होती, हे निर्विवाद झाले. वंगीय साहित्य परिषदेने प्रसिद्ध केलेली त्यांची पोथ्यांची विवरणे आणि मुहम्मद एनामुल हक यांच्यासह लिहिलेला आराकानच्या राजसभेतील बंगाली साहित्यावरचा ग्रंथ (१९३५) ही त्या शोधाची मुख्य फळे. शेख फैजुल्ला या मुसलमान कवीचे ‘गोरक्षविजय’ त्यांनी १९१७ मध्ये संपादित केले. नाथपंथाच्या कथा ज्या मराठी वाचकाच्या परिचयाच्या आहेत त्याला तर हे उदाहरण विशेष विचारात घेण्यासारखे आहे.

करीम यांचा प्रमुख लेखनप्रकार विवरण हा आहे. पोथीचा आरंभ, शेवट, कवीची नाममुद्रा, लेखनिकाची नोंद, पोथी कोणाच्या घरी मिळाली, अशा ठरावीक चौकटीत प्रत्येक पोथीची ओळख. कथन त्यात जवळजवळ नाही. परंतु या रुक्ष दिसणाऱ्या चौकटीचे एक मूल्य आहे : तीत हिंदू कवी आणि मुसलमान कवी एकाच रकान्यात, एकाच क्रमाने येतात. शाळेच्या हजेरीपटात सगळी मुले जशी एका ओळीत येतात तशी ही समता आहे. करीम यांच्या संग्रहाची अखेर मात्र त्या हजेरीपटासारखी झाली नाही. मुसलमान कवींच्या पोथ्या ढाका विद्यापीठाकडे गेल्या आणि हिंदू कवींच्या राजशाहीच्या वारेंद्र संग्रहालयाकडे. सूचीने एकत्र ठेवलेले साहित्य देणगीच्या वेळी दोन ठिकाणी विभागले गेले.

तीन गावे, तीन भाषा आणि तीन लेखनप्रकार आता आपल्यासमोर आहेत : मिरजेची अवतरणिका, कुंभकोणम्‌ची टीका-टिपणी, चितगावचे विवरण. तिन्हींचा उगम वर्गातल्या व्यवहारात आहे. प्रसंग सांगणे, अर्थ लावणे, हजेरी घेणे, ही शिक्षकाची तीन कामे आहेत, आणि प्रत्येकाने त्यांतील एकावर भर देऊन आपली पद्धती घडवली. मात्र ही साम्ये दाखवून थांबणे पुरेसे नाही. लेखनप्रकार बदलला की जतन झालेले ‘स्थानिक’ही बदलते. अय्यर यांच्या टिपणीत गावातला ‘दुसरा’ अर्थाचा अधिकारी म्हणून प्रवेश करतो. करीम यांच्या विवरणात तो कवी म्हणून, बरोबरीच्या नोंदीने येतो. खरे यांच्या अवतरणिकेत तो कसा येतो?

५. शृंगेरीचा प्रश्न

या प्रश्नाचे उत्तर खरे यांच्या कामाची मर्यादा दाखवते. पटवर्धनांचे दप्तर दक्षिणेकडे तोंड करून आहे. हैदर आणि टिपू यांच्याशी झालेल्या लढाया, निजामाशी असलेले संबंध, १७९५ ची खर्ड्याची लढाई, हा त्याचा विषय. मिरज स्वतः मराठी-कानडीच्या सीमेवर वसलेली. तरीही लेखसंग्रहातील पत्रे लिहिणारे बहुतेक एकाच बाजूचे आहेत, आणि अवतरणिका पत्रलेखकाला प्रसंग सांगण्याचा अधिकार देते तेव्हा त्याची नजरही ती नकळत स्वीकारते. श्लोक कोण म्हणतो हे सांगणारा टीकाकार सहसा श्लोक म्हणणाऱ्याच्या बाजूला उभा असतो.

१७९०–९२ च्या म्हैसूर युद्धात परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज टिपूविरुद्ध कर्नाटकात उतरली होती. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या मोहिमेतील स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या स्वामींनी टिपूकडे दाद मागितली आणि टिपूने मठाच्या पुनर्स्थापनेसाठी साहाय्य केले. या संबंधातील टिपूची कानडी पत्रे शृंगेरीच्या मठातच जपलेली होती. म्हैसूर संस्थानचे पुरातत्त्वाधिकारी रा. नरसिंहाचार यांनी ती १९१६ मध्ये उजेडात आणली. त्या वर्षी खरे हयात होते आणि लेखसंग्रहाचे काम चालू होते. पटवर्धनांच्या वाड्यातील बाडे आणि शृंगेरीच्या मठातील बाडे ही दोन्ही ‘स्थानिक’ दप्तरेच आहेत. एकात त्या मोहिमेची चाल, रसद, पैसा आणि डावपेच आहेत. दुसऱ्यात त्याच मोहिमेने काय मोडले ते आहे. यांपैकी कोणतेही एक दप्तर कितीही निष्ठेने संपादित केले तरी १७९१ चा अर्थ त्यातून पुरता लागत नाही. अर्थ दोन्ही शेजारी ठेवल्यावर लागतो, आणि ते शेजारी ठेवण्यासाठी मराठी मोडी आणि कानडी या दोन्हींचे वाचन लागते.

हा दोष खरे यांच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. ज्याच्या वाड्यातील कागद, त्याच्या अनुमतीवाचून ते पाहता येत नसत. संस्थानी गावात राहणाऱ्या शिक्षकाला ही मर्यादा रोजची होती. शिवाय पत्रे वाचकासमोर उघडी ठेवण्याच्या पद्धतीमुळेच त्यांच्या अवतरणिकेला प्रश्न विचारण्याची सोय आज आपल्याला आहे. बखरीने ही सोय ठेवली नसती. त्याच पत्रांत रसदीची टंचाई, थकलेले पगार, सावकारांचे तगादे, घोड्यांची हानी अशा गोष्टीही आहेत. संपादकाने ज्या राजकीय सूत्रात त्या ओवल्या त्याहून वेगळ्या सूत्रात त्या ओवता येतात, कारण संपादकाने त्या कापून टाकल्या नाहीत. प्रामाणिक संपादन संपादकाच्या दृष्टिकोनापेक्षा अधिक काळ टिकते, याचे हे उदाहरण आहे.

तथापि एक निष्कर्ष टाळता येत नाही. स्थानिक इतिहासाचे जतन ही आपोआप उदार किंवा समावेशक कृती नसते. गावात कोणाच्या घरी कागद होते, कोणाच्या घरी नव्हते, आणि शिक्षकाला कोणाच्या घरात प्रवेश होता, यांवर ‘स्थानिक’ म्हणजे कोण हे ठरते. पटवर्धनांच्या फौजेतील शिलेदाराचे, बाजारबुणग्याचे, वाटेत लुटल्या गेलेल्या रयतेचे कागद वाड्यात नव्हते. त्यांचा उल्लेख आहे तो दुसऱ्यांच्या पत्रांत. देशीयतेची भाषा वापरून स्थानिकाचा गौरव करणाऱ्या समीक्षेने हा भेद लक्षात ठेवायला हवा.

६. समीक्षेपुढचे काम

वरील विवेचनातून तौलनिक अभ्यासापुढे दोन कामे येतात असे वाटते.

पहिले काम वाङ्मयप्रकाराचे. संपादकीय निवेदन, अवतरणिका, टिपणी, विवरण यांना आपण साहित्याच्या बाहेर, ‘साधन’ म्हणून ठेवत आलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय भाषांतील गद्य घडत असताना या प्रकारांनी त्याला पुराव्याशी बांधून बोलण्याची शिस्त दिली. कादंबरी आणि निबंध यांच्याच आधारे गद्याचा इतिहास लिहिला की ही शिस्त कोठून आली ते कळत नाही. मराठीत खरे यांच्या निवेदनांचे, राजवाडे यांच्या प्रस्तावनांचे आणि ‘काव्येतिहाससंग्रहा’तील टिपांचे गद्य म्हणून वाचन होणे आवश्यक आहे. अन्य भाषांतील अशा लेखनाशी त्याची तुलना झाली तर ‘भारतीय साहित्य’ ही संकल्पना भाषांतरित कादंबऱ्यांच्या यादीपलीकडे जाऊ शकेल.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. गेल्या काही दशकांत हस्तलिखिते आणि जुने खंड यांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर संगणकावर उपलब्ध होऊ लागली आहेत. ही उपलब्धता स्वागतार्ह आहे. पण मोडी पत्राचे छायाचित्र हे वाचलेले पत्र नव्हे. अक्षर लावणारा, सन ठरवणारा, प्रसंग सांगणारा कोणी नसेल तर ते पत्र जतन होऊनही मुके राहते. खरे यांच्यासारख्या शिक्षकाचे खरे कार्य कागद वाचवण्यात अर्धेच होते. उरलेले अर्धे तो वाचता येईल असा करण्यात होते. हे दुसरे अर्धे कार्य आज कोणाकडे आहे? विद्यापीठीय व्यवस्थेत संहितेचे संपादन, सूची, टिपणी यांना प्रबंधाच्या तुलनेत दुय्यम मानले जाते, आणि शाळेतील शिक्षकाकडून अशा कामाची अपेक्षाच केली जात नाही. मोडी शिकवण्याचे वर्ग भरतात, पण शिकलेल्याने पुढे कोणती बाडे, कोणत्या क्रमाने, कोणाबरोबर वाचावीत याची योजना नसते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यासनांना येथे विशेष संधी आहे. मराठी कागद तंजावरपासून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंत पसरलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी तमिळ, कानडी, फारसी, हिंदी, गुजराती कागद आहेत. एका भाषेचे दप्तर एका संपादकाने लावायचे, ही खरे यांच्या काळची मर्यादा आज पाळण्याचे कारण नाही. शृंगेरीची कानडी पत्रे आणि पटवर्धनांची मराठी पत्रे एका खंडात, तारखेच्या क्रमाने, दोन्ही बाजूंचा प्रसंग सांगणाऱ्या निवेदनासह छापणे हा अशा कामाचा पहिला नमुना ठरू शकेल. त्या खंडाला निवेदन लिहिणाऱ्याला खरे यांच्याकडून खालच्या पट्टीत बोलणे शिकावे लागेल, अय्यर यांच्याकडून दुसऱ्याच्या घरी विद्यार्थी होऊन बसणे, आणि करीम यांच्याकडून सर्वांना एका रकान्यात घेणे.